थकबाकीदारांचं गाव

आमच्या गावात सरपंचाला शिव्या द्यायला गणपूर्ती जमवावी लागत नाही. पारावर, टपरीवर, सप्त्याच्या पंगतीत ती आपसूक होते. होत नाही ती फक्त ग्रामसभेची. कायदा मागतो तरी किती? मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. यात्रेतल्या तमाशाला मैदान अपुरं पडणाऱ्या गावात तेवढी डोकी जमत नाहीत. मग सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, आणि कारभाऱ्यांना हवी असते ती हीच सभा. चार टाळकी बसतात, त्यातली दोन ठेकेदाराची असतात आणि ठराव सर्वानुमते मंजूर होतो.

नंतर शिपाई प्रोसिडिंगचं रजिस्टर बगलेत मारून दारोदार हिंडतो. गडी गोठ्यात धार काढत असतो. धोतराला हात पुसतो, विषय न वाचता सही ठोकतो, वर 'चहा घेऊन जा' म्हणतो. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. तिच्या सह्याही याच फेरीत उरकतात. पुढे बिल निघालं की हाच गडी पारावर येऊन विचारतो, "पैसे गेले कुठं?" बाबा रे, तुझ्याच सहीनं गेले!

आता घरपट्टीचं बोला. आमच्याकडं साध्या घराची वर्षाची पट्टी पोराच्या मोबाइल रिचार्जपेक्षा कमी भरते, तरी ती थकते. मागायला गेलं की उत्तर तयार असतं: "आधी गटार करा, मग पट्टी मागा." बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य व्हायला अपात्र ठरतो, असं ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 14 सांगतं. म्हणून उमेदवारी अर्जाच्या आठवड्यात कचेरीत झुंबड उडते. वर्षानुवर्षं पट्टी बुडवणारे तालेवार एका दमात सगळी थकबाकी भरून बेबाकीचा दाखला खिशात घालतात. म्हणजे ऐपत होतीच की! गावासाठी नव्हती, खुर्चीसाठी होती.

वसुली नाही, म्हणून पाणी सोडणाऱ्या पोराचा पगार रखडतो. पगार रखडला की तो दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातो आणि पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरची पिशवी कचेरीच्या कोपऱ्यात दगड होऊन पडते. जुलाबाची साथ आली की मात्र अख्खं गाव आरोग्य केंद्राच्या नावानं बोटं मोडतं.

मग गावाचा गाडा चालतो कशावर? वरून येणाऱ्या निधीवर. पंधराव्या वित्त आयोगानं 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिली, 40 टक्के मोकळी ठेवली. बांधून द्यावी लागली, यातच आपली अब्रू दिसते. मोकळ्या पैशांत काय मागायचं ते गावाला पाठ आहे: स्वागत कमान, पेव्हर ब्लॉक, पुढाऱ्याच्या नावाची पाटी. गटारावर नाव कोरता येत नाही, म्हणून गटार तुंबलेलंच बरं. आणि हा पैसा स्वतःच्या खिशातून गेलेला नसतो, म्हणून तो कुठं मुरला याची चाड कुणालाच नाही.

या बेफिकिरीचं पुढचं टोकही महाराष्ट्रानं पाहिलंय. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारातल्या खोंडामळीत ग्रामपंचायतीच्या पदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूकच रद्द केली. उमराण्यात बोली दोन कोटींवर गेली होती, तीही मंदिराच्या नावानं. देवाचं नाव पुढं केलं की लिलावही पुण्यकर्म ठरतो! ज्यानं बोली लावून पद घेतलं, त्याला पाच वर्षांत हिशेब विचारायला कुणाची जीभ रेटेल?

वेगळं काही होऊच शकत नाही, ही सबब चालणार नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात कर भरणाऱ्यांचं दळण ग्रामपंचायतीच्या गिरणीवर फुकट निघू लागलं. तिथली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत. कर भरला की गावाकडून काही परत मिळतं, हे त्यांना रोज पिठाच्या डब्यात दिसलं.

माझी मागणी साधी आहे. थकबाकीदारांची यादी कचेरीच्या भिंतीवर लावा आणि पहिली नावं सदस्यांच्या भावकीची लिहा. ठराव वाचून दाखवल्याशिवाय कुणीही सही करू नका. हिशेब मागायचा हक्क कायद्यानं सगळ्यांनाच दिलाय. तो मागायला तोंड मात्र घरपट्टीच्या पावतीनंच येतं.