गर्दीचा कांगावा

'महाविद्यालयांत नको तितकी गर्दी झाली, पदव्या स्वस्त झाल्या आणि दर्जा रसातळाला गेला,' हा आक्षेप बहुधा अशाच गृहस्थांच्या मुखातून ऐकू येतो, ज्यांच्या घरात पदवी तिसऱ्या पिढीपासून नांदते आहे. त्यात नावीन्यही नाही; १९०४ च्या विद्यापीठ कायद्याच्या वेळी लॉर्ड कर्झनच्या सरकारने दर्जाचीच ढाल पुढे केली होती आणि गोखल्यांनी कौन्सिलात त्या विधेयकास कसून विरोध केला होता.

आता गर्दीचीच मोजदाद करू. २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येशी उच्च शिक्षणातील पटाचे प्रमाण शेकडा २८.४ भरते, अनुसूचित जमातींत ते २१.२ वर उतरते. इतकी माणसे मांडवाबाहेर तिष्ठत असता आत दाटी झाल्याची ओरड करणे, ही पहिल्या पंगतीला बसलेल्याची तक्रार होय.

दर्जा खालावला, हे मी नाकबूल करीत नाही. परंतु जेथे मंजूर जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरचा अध्यापक सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी शिकवून मानधनाच्या बिलासाठी कचेरीत खेटे घालतो, तेथील अपयशाचे खापर पोरांच्या संख्येवर फोडणे हा शुद्ध कांगावा आहे.

'तळमळ असेल तो कसाही शिकतो,' असे कोणी म्हणेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तळमळीवर हवाला ठेवला नाही. साताऱ्यास वसतिगृह काढून आधी पोरांच्या अन्नाची व निवाऱ्याची तजवीज केली. बाबासाहेबांनीही मराठवाड्यातील मुलांच्या मुंबईला येण्याची वाट न पाहता १९५० साली तत्कालीन औरंगाबादेत महाविद्यालय उघडले. सहभाग वाढतो तो असा: छप्पर, भाकरी आणि जवळचे दार यांनी.

त्याच पाहणीत मुलींचे प्रमाण २८.५, म्हणजे मुलांच्या किंचित पुढेच, गेलेले आहे. हे वाचून समाधान वाटते खरे; पण एसटीचा मोफत पास मुलींना बारावीपर्यंतच, म्हणजे उच्च शिक्षणाचा उंबरठा लागताच तो संपतो. आमच्या तालुक्याच्या स्टँडावर डबा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही घेऊन बसलेली एक मुलगी मला भेटली. बारावीला शास्त्र शाखेत चांगले गुण मिळवून ही कलाशाखेत कशी, याचे मला नवल वाटले, म्हणून विचारले.

"काका, प्रॅक्टिकल पाचला सुटतं," ती म्हणाली, "आणि आमच्या गावची शेवटची गाडी साडेचारला."