नालीचे आकडे खरे भरा

बिंदुसरेचा जुलै १९८९ चा पूर बीडकर विसरलेले नाहीत. तसा पाऊस पुन्हा झाला तर कुठल्या गल्लीत पाणी शिरेल, हे ‘एसडब्ल्यूएमएम’ या मोफत संगणक-प्रणालीवर आधी तपासता येते. त्यासाठी प्रत्येक नालीचा आकार, लांबी, दोन्ही टोकांची पातळी आणि खडबडीतपणाचा आकडा भरावा लागतो. गुळगुळीत काँक्रीटसाठी तो साधारण ०.०१३ धरतात. गवत, प्लॅस्टिक अडकून तो दुप्पट झाला, तर भरून वाहणारी नालीही निम्मेच पाणी नेते. गाळाने खोली घटते ती वेगळीच. उरलेले पाणी रस्त्यावर साचते, डास वाढतात. म्हणून आराखड्यातले नव्हे, पावसाळ्याआधी प्रत्यक्ष मोजलेले आकडे भरावेत आणि ते नागरिकांसमोर ठेवावेत.