देवटेकची शिळा आणि अजब बंगला

इंग्रजी अंमलात 1863 साली नागपुरास स्थापन झालेल्या आणि लोकांच्या तोंडी आजही ‘अजब बंगला’ या नावानेच नांदणाऱ्या मध्यवर्ती संग्रहालयात, दवाखान्याच्या कामासाठी किंवा कोर्टाच्या तारखेसाठी आलेला पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा माणूस जेव्हा सवड काढून शिरतो, तेव्हा बालाघाटकडच्या गुंगेरियाला 1870 साली सापडलेल्या ताम्रवस्तूंपासून काही सहस्रकांची वाट तो तासाभरात तुडवतो; पण या वैभवात आपल्या मुलखाचा वाटा कोणता, याचा उलगडा त्याला सहसा होत नाही.

तो वाटा लहान नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडजवळच्या देवटेक या खेड्याची एक शिळा या संग्रहात आहे. तिच्यावर दोन राजवटींचे दोन लेख असून, त्यांतला जुना मौर्यकालीन लेख प्राण्यांना धरण्याची आणि मारण्याची मनाई करणारा आहे, तर त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी कोरलेला दुसरा लेख पहिल्या रुद्रसेन वाकाटकाच्या धर्मस्थानाचा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी त्यांतल्या पहिल्या लेखाचा संबंध अशोकाच्या धर्ममहामात्रांशी जोडला. ज्या जिल्ह्यात ताडोब्याच्या सीमेवर वनखाते आजही शिकारबंदीच्या पाट्या रोवत असते, त्याच जिल्ह्यातला हा इतका प्राचीन मनाई-हुकूम. पण नागभीडच्या शाळेतल्या किती मुलांच्या कानावर त्याची वार्ता गेली असेल?

संग्रहालयाने वस्तू गोळा केल्या, हा माझा आक्षेप नाही. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला उघड्यावर उभी असलेली शिल्पे ऊन-पावसाने कशी झिजतात, हे ज्याने पाहिले आहे, तो छप्पर देणाऱ्याचे उपकारच मानील. माझी तक्रार निराळी आहे. 2017 साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमच्या सहकार्याने जे प्रदर्शन भरले, त्यासाठी सातासमुद्रापलीकडून मौल्यवान वस्तू आणून त्या भारतीय वस्तूंच्या पंक्तीला मांडण्याची तजवीज होऊ शकली. मग नागपूर ते नागभीड या जेमतेम शंभर किलोमीटरांचा प्रवास कोणत्या दप्तरात अडकून पडला आहे? शिळा हलवणे जिकिरीचे असेल, तर तिचा ठसा किंवा साच्यातून काढलेली प्रतिकृती चंद्रपुरास द्यावी आणि तिच्यासाठी तिथे एक दालन उघडावे. तेवढी तरतूद काही सरकारी तिजोरीला जड नाही. भांदकच्या, म्हणजे आजच्या भद्रावतीच्या, राष्ट्रकूट कृष्णराजाच्या शके 694 मधील ताम्रपटाची प्रतिकृतीही तिच्या जोडीला असावी. विजासनची बौद्ध लेणी त्याच गावात असल्याने, दालनातला अभ्यास प्रत्यक्ष स्थळाशी पडताळून पाहण्याची सोय विद्यार्थ्यांना आपसूक होईल.

नोंदींचाही एकदा फेरविचार व्हावा. गडचिरोली जिल्हा 1982 साली वेगळा झाला. तत्पूर्वीच्या अहवालांत, अगदी पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने मार्कंड्याचे वर्णन केले त्यातसुद्धा, हा सारा टापू चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात मोडतो. आज गडचिरोलीत असलेल्या चामोर्शीच्या मुलाला ‘चांदा’ या शब्दात आपले गाव कसे दिसणार? वस्तूखालच्या चिठ्ठीत आजचा तालुका आणि जिल्हा लिहिणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि कदाचित त्यामुळेच ते कोणाच्या लक्षात येत नसावे.

असे दालन चंद्रपुरात उघडेल तेव्हा शतकांची मांडणी करणाऱ्यांनी एक सावधगिरी मात्र बाळगावी. चिमूर तालुक्यातील हिरापूरची महापाषाणीय दगडी स्मारके प्रागैतिहासिक म्हणून नोंदवली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु मृतांच्या स्मरणार्थ दगड उभारण्याची चाल भामरागडकडच्या माडिया समाजात आपल्या काळापर्यंत चालत आलेली आहे. तेव्हा हिरापूरच्या छायाचित्राशेजारी माडियांचे दगड दाखवताना त्यांच्यावरही ‘प्रागैतिहासिक’ असा शिक्का मारू नये, आणि कोणते दगड दाखवावेत व कोणते दाखवू नयेत, याचा कौल आधी भामरागडच्या गावांकडून घ्यावा.