भाताची रास आणि पैशाची रास

मनुष्याने कसे जगावे, हा प्रश्न फार जुना आहे. मठांत, पाठशाळांत व पोथ्यांत त्यावर जितका खल झाला, तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रश्नावर झाला असेल. मात्र खल करणाऱ्यांच्या ताटात भात कोठून येतो, याची चौकशी या पंडितांनी सहसा केली नाही. संसार मिथ्या आहे असे सांगणाऱ्यास दोन वेळा तूपभात मिळे, आणि तो भात पिकविणाऱ्यास ‘संसार मिथ्या आहे’ एवढे ज्ञान मिळे. सबब आज आम्ही हा प्रश्न पोथीत न शोधता, ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, कोन गावच्या बांधावर उभे राहून पाहणार आहोत. तेथे तो घराघरांत उभा आहे. फरक इतकाच की तेथे त्यास तत्त्वज्ञान म्हणत नाहीत, ‘जमिनीच्या पैशाचे काय करायचे’ असे म्हणतात.

कोन हे कल्याणहून भिवंडीस जाणाऱ्या रस्त्यावरचे खाडीकाठचे गाव. पुलापलीकडे कल्याण आणि दुर्गाडीचा किल्ला, अलीकडे भिवंडी आणि तिचे यंत्रमाग. 2011 च्या खानेसुमारीत कोनची गणना शहरात झाली, जरी त्यास नगरपालिका नव्हती. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यातही कोनगावचे नाव आहे. तालुकाभर गोदामे उभी राहिली, मुंबईत खपणारा माल तेथे उतरू लागला, आणि जी जमीन पूर्वी भाताच्या खंडीने जोखली जात असे ती गुंठ्याच्या भावाने जोखली जाऊ लागली. ज्याने जमीन विकली त्याच्या हाती एकदम मोठी रक्कम आली. ज्याने चाळ किंवा गोदाम बांधले त्याचे महिन्याचे भाडे सुरू झाले. आणि ज्याच्या नावाचा सातबाराच नव्हता, तो होता तेथेच राहिला. यांत कारागिरांची आणि कातकऱ्यांची घरे बरीच आहेत, हे विसरून चालणार नाही.

जमीन विकणाऱ्यास दूषणे देण्याचा धंदा आम्ही करणार नाही. शेतकऱ्याने काळ्या आईला सोडू नये असे जे सभांतून सांगतात, त्यांच्या पायांना चिखल लागलेला आम्ही पाहिला नाही. एकरभर भातशेतीवर पाच माणसांचे वर्ष निघत नाही, हे सांगायला पंडित नको. तेव्हा प्रश्न जमीन विकली की राखली, हा नाही. भाताची रास गेली आणि पैशाची रास आली, तेव्हा घरातल्या माणसांचे रोजचे जगणे कसे झाले, हा आहे.

भाताची रास कशी पडत असे ते पाहा. खाडीकाठच्या शेतास भरतीचे पाणी लागू नये म्हणून बांध घालावा लागतो. हा बांध एकट्याचा नसतो. त्यास एके ठिकाणी खांड पडली, की खारे पाणी ज्याने हयगय केली त्याच्याच शेतात थांबत नाही, ते साऱ्या गावाच्या शेतांत शिरते. आणि एकदा खारावलेली जमीन गोडी व्हायला पावसाळ्यांमागून पावसाळे जावे लागतात. 1948 साली मुंबई सरकारने खार जमिनींसाठी कायदा केला, परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून बांधाची माती लोक आपल्याच डोक्यावरून वाहात होते. शेजाऱ्याशी बोलणे असो वा नसो, बांधावर त्याच्या शेजारी उभे राहावेच लागे. मग आवणी, कापणी, झोडणी; आणि शेवटी खळ्यात रास. ती रास सर्वांच्या डोळ्यांदेखत पडे. तिच्यापाशी सुतार येई, लोहार येई, न्हावी येई, मजूर येई, माहेरी आलेली लेक येई. प्रत्येकास ठाऊक असे की रास केवढी आहे आणि आपला वाटा केवढा आहे.

हे सांगताना त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याचा आमचा हेतू नाही. राशीतला मोठा हिस्सा सावकार आणि जमीनदार यांच्या कोठारात जाई. बलुत्यांतही न्याय होताच असे नाही. ज्याच्या अंगावर सर्वांत घाणेरडे काम, त्याच्या पदरी सर्वांत हलके धान्य, ही रीत आमच्याच लोकांनी चालविली. तरीही एक गोष्ट खरी: ती रास झाकता येत नसे. वाटा नाकारणाऱ्यास तो सर्वांसमोर नाकारावा लागे.

आता ही जमीन आमच्या लोकांच्या नावावर आली कशी, हेही तरुण पिढीस सांगितले पाहिजे; कारण पुष्कळांस वाटते की ती आजोबांच्या नशिबाने आली. कोनपासून दक्षिणेस, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. तेथे 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने खारपट्टीतील कुळांनी संप पुकारला. जमीनदाराची जमीन कसायचीच नाही, असे ठरले. हा संप 1939 पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे चालला. पंचवीस गावे त्यात होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सहा वर्षे खळ्यात रास नाही! लोकांनी लाकडे तोडून विकली, खाडीत मासे धरले, मिळेल तेथे मजुरी केली. त्या सहा वर्षांत एखादे घर फुटून जमीनदाराच्या शेतात नांगर घेऊन उतरले असते, तर खारबांधास पडते तशी त्या संपासही खांड पडली असती. पुढे 1939 चा कुळकायदा झाला, 1948 चा झाला, आणि 1 एप्रिल 1957 पासून कसणारी कुळे जमिनीची मालक ठरू लागली. ठाणे-कुलाब्याकडच्या पुष्कळ सातबाऱ्यांवरील नावे या वाटेने आलेली आहेत. अर्थात जी जमीन आज गुंठ्याने विकली जाते, तीत ज्यांचे नाव कोठल्याही उताऱ्यावर नाही अशा अनेकांची उपासमार मिसळलेली आहे.

पैशाच्या राशीची गोष्ट वेगळी. ती खळ्यात पडत नाही, बँकेत पडते. आणि केवढी आहे हे घरातील एकदोघांनाच ठाऊक असते. बायकोला विचारले तर ती म्हणते, ‘त्यांना माहीत.’ भातास कोंब फुटतो, कीड लागते, म्हणून ते वेळेवर वापरावे लागते आणि पुढल्या वर्षाचे बियाणे बाजूस काढावेच लागते. पैशात बियाणे कोणते आणि खाण्याचे कोणते, हे पाहून कळत नाही. शेतकऱ्याची अक्कल वर्षाच्या चक्रावर बसलेली. चाळीस वर्षांचे उत्पन्न एका सकाळी हाती आले, तर ते कसे धरावे हे त्यास त्याच्या बापाने शिकविलेले नसते. यात मूर्खपणा नाही. परंतु जगणे असे राशीने जगता येत नाही. ते रोजच जगावे लागते, आणि रोजचा दिवस मागतो काय? अंगाला काम, कामाला मान, संध्याकाळी विसावा, आणि आपल्या असण्याने कोणाचे तरी अडते ही जाणीव.

कोनच्या रस्त्यावर सकाळी दोन तरुण दिसतात. एक परगावाहून आलेला. बारा तासांची पाळी करून माग चालवितो, नाहीतर गोदामात खोकी उचलतो. त्यास काम आहे, परंतु दिवस नाही. दुसरा गावचाच, नवी मोटारसायकल, गळ्यात साखळी, घरी भाडे येते. त्यास सारा दिवस आहे, परंतु काम नाही. पहिल्याच्या दुःखावर बोलणारे थोडेफार लोक निघतात. दुसऱ्याच्या दुःखास कोणी दुःख मानीत नाही, उलट त्याचा हेवा करतात. आमच्या मते दोघांचेही जगणे अर्धेच आहे. ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडून 10 जून 1890 रोजी रविवारची सुटी मिळविली. त्यापूर्वी मजुराने माणूस म्हणून मोकळा घालवावा असा वारच नव्हता. सुटीला अर्थ येतो तो बाकीच्या सहा दिवसांमुळे. भाड्यावर बसलेल्या तरुणास सातही वार रविवारच. मग तो वेळ कोठेतरी घालवावाच लागतो. कोठे, ते रात्री खाडीकाठच्या ढाब्यांवर जाऊन पाहावे.

आता लग्ने. आगरी समाजाच्या हळदीवर टीका करण्याची हल्ली मोठी चाल पडली आहे. डीजे, मटण, दारू, दागिने यांची यादी वाचून शहरातील लोक नाके मुरडतात. ही खोड जुनी आहे. 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हाही शेतकरी लग्नकार्यांत उधळतो म्हणून बुडतो, असे साहेबांपासून भटांपर्यंत सारे म्हणत. सरकारी चौकशी मंडळासच अखेर नोंदवावे लागले की लग्नखर्चास वाजवीपेक्षा फाजील महत्त्व दिले जाते. म्हणून खर्चाचा आकडा पाहून आम्ही भडकणार नाही. आम्हांस खटकते ते निराळेच. पूर्वी मांडव भावकी घाली, हळद जात्यावर बायका दळीत, तांदूळ घरचा असे, आणि धवलारीण धवले गाऊन लग्न लावी. पुष्कळ ठिकाणी विधीची सारी सूत्रे तिच्याच हाती असत, भटावाचून काही अडत नसे. शंभर हात लागत, म्हणून शंभर माणसांस ते लग्न आपले वाटे. आज मांडव कंत्राटदाराचा, जेवण कंत्राटदाराचे, गाणे यंत्राचे. भावकी पाहुणी होऊन येते, जेवते आणि पुढल्या लग्नात याहून मोठा मांडव घालायचा असे मनाशी ठरवून घरी जाते. आनंद करण्याचे काम आम्ही मजुरीने दिले आहे. समाजाच्या सभांतून हळदीवर बंधने घालण्याचे ठराव होतात, ते चांगलेच आहेत. परंतु नुसता आकडा कमी केल्याने ते शंभर हात परत येणार नाहीत. त्यापेक्षा धवलारीण म्हातारी होण्यापूर्वी दोन मुली तिच्यापाशी शिकावयास बसवाव्या, हे अधिक उपयोगाचे.

पैशाच्या राशीचे काय करावे, याचे उत्तर आमच्या परंपरेत शोधायचे तर तुकोबांकडे पाहावे. ते वाणी होते, घरात सावकारी होती, दुष्काळात बायको आणि मूल गेले. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती सांगताना कीर्तनकार एक बाब घाईने उरकतात. चरित्रकार सांगतात की बुडविण्यापूर्वी त्यांनी धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा वाटा त्याच्या हाती दिला, आणि बुडविली ती आपल्या वाट्याची खते. विरक्ती दुसऱ्याच्या पैशाने करावयाची नसते, हे त्या वाण्यास समजले होते. जोतीरावांनीही हाच प्रश्न धरला. 1888 साली अर्धांगाने उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. ते त्यांच्या मरणानंतर 1891 साली निघाले. मनुष्याने मनुष्याशी कसे वागावे हाच त्याचा विषय, आणि त्यात स्त्री व पुरुष यांचे हक्क त्यांनी सारखे धरले आहेत.

येथे आम्ही मुद्द्यावर येतो. खळ्यातल्या राशीपाशी लेक येत असे. पैशाच्या राशीपाशी तिला बोलावतात ते फक्त सहीसाठी. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या दिवशी बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी दिला. कायदा झाला, आणि कायद्यापाठोपाठ हक्कसोड पत्राचा छापील नमुनाही आला. जमिनीस गिऱ्हाईक आले की बहिणीची आठवण होते. गाडी पाठवून तिला आणतात, पुरणपोळी घालतात, साडी देतात, आणि ‘तुझे माहेर तुटू नये’ असे सांगून कागद पुढे करतात. ती सही करते. तिला पैसा नको असतो म्हणून नव्हे; भाऊबीजेला येण्याची वाट उघडी राहावी म्हणून. माहेर हे असे तिलाच विकत घ्यावे लागते, आणि किंमत किती दिली हे तिला कधी कळत नाही.

कोणी म्हणेल, लग्नात तिला दागिने घातले होते. घातले असतील. मग तेही हिशेबात धरावे आणि भावाच्या मोटारीची किंमतही धरावी. कोणी म्हणेल, बहिणी आपण होऊन सोडतात. सोडोत, ज्याचे आहे त्याने सोडावे, त्यास आमची हरकत नाही. परंतु काय सोडते आहे हे तिला ठाऊक नसेल, तर ते सोडणे नव्हे. म्हणून आमचे कोनच्या आणि खाडीकाठच्या सर्व गावांतील भावांना सांगणे एवढेच की, हक्कसोड पत्रावर सही मागण्यापूर्वी सौद्याची सारी रक्कम तिच्यासमोर मोठ्याने उच्चारावी, आईच्या देखत उच्चारावी. कागद तिला वाचावयास द्यावा. वाचता येत नसेल तर तिच्या मुलीकडून वाचून घ्यावा, दलालाकडून नव्हे. विचार करण्यास तिला चार दिवस सासरी जाऊ द्यावे. आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा घेतेवेळी ती खुर्चीवर बसली आहे, की सौदा करणारे सारे पुरुष बसले असून ती एकटीच दाराशी उभी आहे, हेही एकदा मान वळवून पाहावे.