नकाशा वाचणारी मुले हवीत

निकाल लागले की आम्हां शिक्षकांना पालक एकच गोष्ट विचारतात: डॉक्टर की इंजिनिअर? मुलगा सिव्हिल इंजिनिअर झालाय किंवा मुलगी भूगोलाची पदवीधर आहे, आता पुढे काय, असे विचारणारे थोडेच. अशा घरांसाठी आज प्रादेशिक आणि नगर नियोजन या विषयाची ओळख करून देतो. वस्ती कुठे वाढावी, नाला कुठून जावा, शाळा, दवाखाना, कब्रस्तान यांना जागा कुठे राखावी, हे ठरवण्याची ही विद्या आहे.

जर्मनीत डोर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठात हा विषय १९६९पासून शिकवला जातो. तिथला 'स्प्रिंग' हा दोन वर्षांचा मास्टर्स इंग्रजीतून आहे आणि तो विकसनशील देशांतील प्रश्नांसाठीच आखलेला आहे. पहिले वर्ष डोर्टमुंडला, दुसरे घाना, टांझानिया, फिलिपिन्स किंवा चिली इथल्या विद्यापीठात.

डोर्टमुंड शहर हाच एक धडा आहे. कोळशाच्या खाणींमुळे तिथली जमीन खचायची, जमिनीखालची गटारे टिकत नसत. म्हणून एम्शर नदीचेच उघडे गटार केले गेले. खाणी सरल्यावर १९९२पासून काम हाती घेतले, ५१ किलोमीटरची भुयारी वाहिनी टाकली, तेव्हा २०२१अखेर नदी सांडपाण्यातून सुटली. २००१मध्ये बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या जागी तलाव झाला. त्याच्या काठी महागडी घरे उठली. मग जुन्या कामगार वस्तीला काय मिळाले? असे प्रश्न या विद्यार्थ्यांना अभ्यासावे लागतात.

आता खर्च. विद्यापीठ सरकारी असल्याने शिकवणी फी नाही. सहामाहीला काहीशे युरोंची वर्गणी असते, त्यातच प्रवासाचा पास येतो. मात्र व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक, 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४पासूनचा आकडा). हे पैसे कुणाला द्यायचे नसतात. तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे ते विद्यार्थ्यालाच मिळतात. व्याजाच्या कर्जापासून दूर राहू पाहणाऱ्या घरांनी फी आणि ठेव यांतला हा फरक नीट समजून घ्यावा. अल्पसंख्याकांसाठीची 'पढो परदेश' ही व्याज सवलत योजना केंद्राने २०२२-२३पासून बंद केली आहे, तिच्या भरवशावर राहू नये.

डीएएडी या जर्मन संस्थेची शिष्यवृत्ती मिळू शकते, पण तिच्यासाठी पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि पदवी सहा वर्षांहून जुनी चालत नाही. म्हणून आमचा सल्ला असा: पदवी झाल्याबरोबर परदेशाची घाई करू नका. नगरपालिकेत, सर्वेक्षणाच्या किंवा नियोजनकाराच्या कार्यालयात दोन वर्षे काम करा, सोबत इंग्रजीची परीक्षा द्या. गुणपत्रिका जपा, व्हिसाआधी एपीएस प्रमाणपत्र काढावे लागते. मुलींनाही हीच वाट खुली आहे.

आपल्या शहराचा विकास आराखडा जाहीर होतो, हरकती-सूचनांची मुदत ठरलेली असते. ती सरते, आणि मोहल्ल्याला आरक्षणाची रेघ कळते ती नोटीस आल्यावर. तो नकाशा मुदतीच्या आत वाचून शेजाऱ्यांना समजावणारे एक तरी मूल प्रत्येक मोहल्ल्यात असावे. अल्लाह आपल्या मुलांना तशी तालीम नसीब करो.