यंत्र-साहाय्यक आणि घरची भाषा

सटाण्यास बसून आजीच्या आठवणी लिहाव्या आणि पुण्याच्या नातवानें तोच मजकूर त्याच दिवशीं तपासावा, ही सोय आतां टॅबलेटनें केली आहे. सन २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी प्रकट झाल्यापासून तर शुद्धलेखन तपासणारा साहाय्यकही त्यांतच येऊन बसला. आमचा त्यास विरोध नाहीं. ‘दिन’ व ‘दीन’, ‘शिर’ व ‘शीर’ हे सारेच शब्द कोशांत शुद्ध; कोणता कोठें हवा, हें अर्थावरून ठरतें, आणि तें काम तो पुष्कळदां चोख करितो.

परंतु पुढें कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, या हिशेबानें हें यंत्र लिहितें. ज्या बोलीचें छापील लेखन थोडें, तिचा शब्द त्यास परका वाटतो. आजीच्या तोंडची अहिराणी ‘आंडेर’ तो सहज ‘मुलगी’ करून टाकील. १९६२ च्या नियमांपूर्वीच्या पत्रांतले अनुस्वारही चुका समजून पुशील; वस्तुतः त्या काळीं ते शुद्धच होते. वाक्य गुळगुळीत होतें, पण आजी त्यांतून नाहींशी होते.

म्हणून वाचकांस आमची सूचना अशी कीं, मूळ प्रत निराळी राखावी. ‘मजकूर सुधार’ असें न सांगतां ‘शंकास्थळें कारणांसह दाखव’ असें सांगावें. नांवें, तिथी व संस्कृत वचनें ग्रंथांशीं ताडून पाहावीं. शंका त्यानें काढावी. निर्णय मात्र घरच्यांनींच करावा.