हप्ता किती, एवढंच विचारू नका

मंडळी, जरा हिशोबाचं बोलू.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. शोरूमला एक लाखाची असलेली गाडी साधारण ७,८०० रुपयांनी स्वस्त झाली. चांगलंच झालं. पण आपल्याकडे रोखीने गाडी घेणारे किती? शोरूममध्ये पहिला प्रश्न असतो, "हप्ता किती बसेल?"

समजा, ८० हजारांचं कर्ज काढलं. मुदत ३ वर्षं, व्याज १२ टक्के 'फ्लॅट'. नुसतं व्याजच होतं २८,८०० रुपये, हप्ता ३,०२२. मुद्दल दरमहा फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ८० हजारांवर. म्हणजे खरा दर २१ टक्क्यांच्या आसपास पडतो. करात वाचले ७,८००, व्याजात गेले २८,८००!

गाडी घेऊ नका, असं मी म्हणत नाही. शेतावर, कामावर जायला ती लागतेच. पण नव्या वस्तूचं कौतुक चार-सहा महिने, हप्ता ३६ महिने. मधेच पाऊस लांबला, पगार रखडला, की दारातली गाडी बघून झोप उडते. महिनाअखेर हातात चार पैसे उरले, तरच घेतलेल्या वस्तूचं सुख लागतं.

सणाला खरेदी जरूर करा. फक्त तीन गोष्टी विचारा. व्याज फ्लॅट की घटत्या शिलकीवर? एकूण किती भरायचे? मुदतीआधी फेडलं तर दंड किती?

उत्तर कागदावर लिहून देत नसतील, तर सरळ घरी या.